रोटरी कटर घ्यायचा की कात्रीच बरी? आधी तुमच्या गोधडीचा हिशोब मांडा

मोबाइल बघता बघता एखादी रील समोर येते. हिरव्या मॅटवर कापड अंथरलेलं असतं, वर पारदर्शक मोजपट्टी असते आणि पिझ्झा कापायच्या चाकासारखं काहीतरी त्या पट्टीच्या कडेने सर्रकन फिरतं. चार थर एका दमात कापले जातात, कड अगदी सुरीने बर्फी कापावी तशी. घरात आईच्या नाहीतर आजीच्या सुती साड्यांचं गाठोडं पडलेलं असेल आणि यंदा गोधडी शिवायचीच असं तुम्ही ठरवलं असेल, तर बोट लगेच खरेदीच्या बटणाकडे जातं.

जरा थांबा. या चाकाचं नाव रोटरी कटर आणि ते काम चांगलं करतं, यात वादच नाही. तुम्ही शिवणार आहात त्या गोधडीला ते लागतं का, एवढंच आधी बघायचं आहे.

हे अवजार मुळात जपानचं. ओसाकाच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये ते बाजारात आणलं. बोथट झालेलं टोक मोडून टाकायचं आणि पुढचं धारदार टोक वापरायचं, असा जो कटर आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, तोही याच कंपनीच्या संस्थापकाच्या डोक्यातून निघालेला. रोटरी कटर आला तो कपडे बेतण्यासाठी, पण तो उचलून धरला क्विल्ट करणाऱ्यांनी. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवायचा, पेन्सिलीने भोवती रेघ मारायची आणि एकेक तुकडा कात्रीने कापायचा, अशी पद्धत होती. शेकडो तुकडे, प्रत्येकाला चार बाजू. कटर आल्यावर आधी लांब पट्ट्या आणि मग पट्ट्यांचे चौकोन, असा कामाचा क्रमच बदलला.

तुमची गोधडी कोणत्या जातीची?

आपल्याकडची साधी गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याने उभे-आडवे टाके घालत जायचं. कुठे विरलं असेल तिथे वरून तुकडा लावायचा. त्या तुकड्याला माप नसतं, हातात आला तो बसतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी करतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत सरकतात, हाताशी असलेला तुकडा दुमडून बसवतात आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. ही सगळी कला नजरेची आणि हाताची आहे. तिथे मिलिमीटर मोजत बसलात तर उलट गंमत जाईल. अशा कामासाठी कटर घेऊ नका. तेच पैसे चांगल्या कात्रीला घाला आणि त्या कात्रीने घरात कुणालाही कागद कापू देऊ नका.

दुसरा प्रकार पॅचवर्क क्विल्टचा. सारख्या मापाचे चौकोन, त्रिकोण किंवा पट्ट्या कापायच्या, मशीनवर जोडायच्या, मग मधला थर आणि अस्तर घालायचं. इथे तुकडे सारखे नसतील तर पुढे त्रास होतो. किती, ते बघा.

एका माणसाची गोधडी साधारण ५ फूट बाय साडेसात फूट. तुम्ही ५ इंचाचे चौकोन कापले आणि चारही बाजूंनी पाव पाव इंच माया शिलाईत गेली, तर शिवल्यावर चौकोन साडेचार इंचांचा उरतो. रुंदीत १३ आणि लांबीत २०, म्हणजे एकूण २६० चौकोन. आता समजा एका ओळीतला प्रत्येक चौकोन फक्त दीड मिलिमीटरने मोठा कापला गेला. पेन्सिलीच्या रेघेच्या आत कापलं की बाहेर, एवढाच तो फरक. पण १३ चौकोनांच्या ओळीत तो जवळजवळ २ सेंटीमीटर होतो आणि २० च्या ओळीत ३ सेंटीमीटर. खालची ओळ बरोबर मापाची असेल, तर दोन ओळी जोडताना एक बाजू लांब आणि एक आखूड पडते. मग आपण ताणून शिवतो, चुण्या पडतात, कोपरे एकमेकांना भेटत नाहीत. अनेक जणी पॅचवर्क अर्धवट सोडतात ते इथेच, आणि स्वतःच्या शिवणाला दोष देतात. पुष्कळदा शिवण ठीक असते, कापणं चुकलेलं असतं.

म्हणजे कटरचा खरा फायदा सारखेपणाचा आहे. कात्री कापताना कापड वर उचलते, कटर ते उचलत नाही, म्हणून चारही थर एकाच मापाचे निघतात. वेळ वाचतो हा वरचा नफा. पुठ्ठ्याने आखून कात्रीने एक चौकोन कापायला दीड मिनिट धरलं, तर २६० चौकोनांना साडेसहा तास लागतात. कटरवर हात बसल्यावर तेच काम दीड तासात उरकेल असं धरू. एका गोधडीमागे ५ तास वाचले.

पैशांचं गणितही असंच मांडा. समजा सगळं सामान २,४०० रुपयांना पडलं. (हा आकडा हिशोबापुरता आहे, तुमच्या कार्टमधला आकडा इथे घाला.) वर्षात एकच गोधडी शिवणार असाल, तर ५ तासांसाठी २,४०० रुपये मोजले. सहा शिवणार असाल, तर ३० तास वाचले, म्हणजे तासाला ८० रुपये, आणि पुढच्या वर्षी खर्च फक्त ब्लेडचा. ऑर्डर घेऊन बाळांच्या दुपट्या-गोधड्या शिवणाऱ्या ताईंना हा सौदा उघड फायद्याचा आहे. नातवाच्या बारशासाठी हौसेने एकच गोधडी शिवणाऱ्या आजींना तो तोट्याचा. अंगठा आणि मनगट दुखतं म्हणून आजींनी शिवण सोडलं असेल तर मात्र हिशोब बदलतो, कारण कात्रीची उघडझाप कटरमध्ये नसते.

एक नाही, तीन वस्तू

जाहिरातीत दिसतो फक्त कटर. पण मॅट आणि मोजपट्टीशिवाय त्याचा काही उपयोग नाही. ब्लेड १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटर अशा मापांचे मिळतात. पहिलाच घेणार असाल तर ४५ चा घ्या. छोटे गोल वळणांसाठी आणि मोठा जाड थरांसाठी, त्यांची घाई नको. डावखुरे असाल तर ब्लेड दुसऱ्या बाजूला बसवता येतो का, हे आधी पाहा.

मॅट नसेल आणि काचेच्या टेबलावर कापलंत तर ब्लेडची धार लगेच जाते. प्लायवूडवर कापलंत तर लाकडाच्या रेषेत चाक ओढलं जातं. मोजपट्टीतही काटकसर नको. शाळेची पातळ स्टीलची पट्टी वापरू नका, चाक तिच्यावर चढून थेट बोटावर येतं. साधारण ३ मिलिमीटर जाडीची, ६ बाय २४ इंचांची ॲक्रिलिकची पट्टी हवी. २४ इंचच का? सुती कापडाचा पन्ना साधारण ४४ इंच असतो. तो एकदा दुमडला की २२ इंच होतो आणि २४ इंचांची पट्टी त्याच्या पार जाते. मॅटही म्हणून ६० बाय ४५ सेंटीमीटरची बरी. लहान मॅट घेतलीत तर कापड दोनदा दुमडावं लागतं आणि घडी जराशी जरी वाकडी असली तरी पट्टी उघडल्यावर मध्ये कोन पडतो. आणखी एक गोष्ट: मॅटवर सेंटीमीटर आणि पट्टीवर इंच असं असेल, तर मोजताना फक्त पट्टीचं ऐका.

जागेचा विचारही खरेदीआधीच करा. आपल्याला जमिनीवर बसून बेतायची सवय. रोटरी कटरला वरून दाब लागतो, तो उभं राहून चांगला पडतो. घरात उंच टेबल नसेल तर स्वयंपाकघरातला ओटा उत्तम उंचीचा असतो, दुपारचं आवरून कोरडा पुसून घेतला की झालं. मात्र मॅटवर इस्त्री किंवा गरम पातेलं ठेवू नका आणि ती उन्हातही ठेवू नका. एकदा वाकडी झाली की सरळ होत नाही.

जुन्या साड्या मऊ असतात, पट्टीखाली सरकतात. कापण्याआधी खळ द्या आणि इस्त्री करा. आणि सगळ्यात आधी घरच्या माणसांना विचारा. कात्री हळू चालते, मध्येच कुणीतरी "अगं, ही माझ्या डोहाळजेवणाची!" म्हणून साडी ओढून घेऊ शकतं. कटरला तेवढा वेळ लागत नाही, चार थर गेले की गेले.

हँडल फिरवून कापड कापणारं डाय-कटिंग मशीनही हल्ली ऑनलाइन दिसतं. फोममध्ये बसवलेल्या पात्यांच्या साच्यावर कापडाचे थर ठेवायचे, वर एक मॅट आणि सगळं रोलरमधून फिरवायचं. पाती फोममध्ये लपलेली असल्याने बोटाला धोका कमी, आणि वळणदार पाकळ्याही हुबेहूब निघतात. पण प्रत्येक आकाराला आणि मापाला वेगळा साचा विकत घ्यावा लागतो, खर्च तिथे वाढत जातो. आकाराभोवतीचं कापडही वाया जातं. एका घरासाठी हे मशीन मला तरी पटत नाही. एकच नमुना पुन्हा पुन्हा करणाऱ्या बचत गटाने मिळून घेतलं, तर गोष्ट वेगळी.

घेण्याआधी एक दुपार

एका जुन्या चादरीतून पुठ्ठ्याच्या साच्याने ५ इंचाचे २० चौकोन कात्रीने कापा. घड्याळ लावा. मग चार बाय पाच असे जोडा. कोपरे जुळले आणि कंटाळा आला नाही, तर तुम्हाला कटरची गरज नाही. कोपरे जुळले नाहीत, पण आणखी शिवावंसं वाटतंय, तर जरूर घ्या. कोपरेही नाहीत आणि शिवावंसंही वाटत नाही, तर पैसे वाचले.

घेतलात तर पहिल्या दिवसापासून दोन सवयी लावा. प्रत्येक कापानंतर, अगदी फोन उचलण्याआधी, ब्लेडचं झाकण बंद करायचं. आणि कापायचं ते शरीरापासून दूर, पट्टीवरची बोटं कडेपासून आत ठेवून. लहान मुलं असतील तर कटर कुलपात. तो खेळण्यातल्या चाकासारखाच दिसतो.

ब्लेड कधी बदलायचा ते कापडच सांगतं. ४५ मिलिमीटरच्या चाकाचा एक फेरा साधारण १४ सेंटीमीटरचा. दर १४ सेंटीमीटरवर एखादा धागा न कापता राहत असेल, तर धारेला एका जागी खाच पडली आहे. बहुतेक वेळा टाचणीवरून गेल्यामुळे ती पडते. जुना ब्लेड तसाच कचऱ्यात टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून एखाद्या रिकाम्या डबीत साठवा आणि डबी भरली की झाकण पक्कं बंद करून, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहून ती वेगळी द्या.