पाहुण्यानें भाकरी मागावी

(नभोवाणीवरील भाषण)



सुट्टींत चार दिवस खेड्यावर जाऊन राहण्याची आवड आतां शहरांतील कुटुंबांत चांगलीच वाढली आहे. शेताच्या कडेला दोन-तीन खोल्या बांधून पाहुण्यांची सोय करणारे शेतकरी महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आढळतात, आणि राज्य सरकारनेंही 2020 सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरवून या उद्योगास मान्यता दिली आहे. मंडळी तेथें जातात, विहिरींत पोहतात, बैलगाडींत बसतात, उगवता सूर्य पाहतात. आणि जेवणाची वेळ झाली म्हणजे शहरांतील खानावळींत जें मागावयाचें तेंच मागतात. डोळ्यांनीं गांव पाहावयाचा आणि जिभेनें मात्र शहरांतच राहावयाचें, असा हा प्रकार आहे. आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, ज्या गांवीं आपण जातों तेथील मातींत त्या महिन्यांत जें पिकलें असेल, तें त्या घरच्या रीतीनें खाणें हा खेड्यांतील सुट्टीचा सर्वांत मोठा आनंद आहे. आणि हा आनंद मागून घ्यावा लागतो.

शेतावर पाहुणा जेवविण्याची रीत कांहीं पर्यटनानें काढलेली नाहीं. मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे वेळ अमावास्येस, लातूर-धाराशिवकडे अजूनही गांवेंच्या गांवें आपापल्या शेतांत जाऊन जेवतात. कडब्याची खोप करून तींत पांडवांची पूजा होते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडक्यांतली आंबील असा बेत असतो; आणि बांधावरून जाणारास हाक मारून पंगतीस बसवितात. त्या पंगतींत काय वाढावयाचें हें पाहुणा ठरवीत नाहीं, शेत ठरवितें. ही जुनी रीत ध्यानांत ठेवली तर माझें पुढील म्हणणें समजावयास सोपें जाईल.

उदाहरणादाखल मी एकच मुलूख, एकच धान्य आणि एकच महिना घेतों. मुलूख सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचा, धान्य ज्वारी, महिना पौष. दुष्काळांत दामाजीपंतांनीं धान्याचीं कोठारें भुकेल्यांस मोकळीं केलीं, अशी जी कथा आपण लहानपणापासून ऐकतों, ती याच मंगळवेढ्याची. येथील जमीन काळी व खोल, आणि पाऊस बेताचा. पावसाळा संपत येतांना, उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास, ज्वारी पेरतात. पुढें पाऊस झाला तर झाला. नाहीं तर काळ्या मातीनें पोटांत धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडींतल्या दंवावर पीक उभें राहतें. मार्गशीर्षांत तें निसवतें आणि पौषांत दाणा भरूं लागतो.

या मुलखांतलें जेवण कसें जेवावें हें मी आज सांगत असलों, तरी मला स्वतःला तें कळलें एका फजितीनंतर. कांहीं वर्षांपूर्वीं पौषांत मी सहकुटुंब त्या तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं दोन दिवस राहावयास गेलों. जाण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं फोनवर विचारलें होतें, "जेवणाचं काय करायचं?" माझ्या मुलानें उत्तर दिलें, "काहीही चालेल. पोरांसाठी एखादी पनीरची भाजी असली म्हणजे झालं." मी शेजारींच बसलों होतों, मला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. पहिल्या रात्रीं पानांत पुऱ्या आल्या, पनीरची भाजी आली, बाजारचें श्रीखंड आलें. पनीर मुद्दाम सोलापुराहून आणलेलें. जेवण वाईट नव्हतें. तें आमच्याच गल्लींतलें होतें, इतकेंच.

हात धुण्यासाठीं मी मागील दारीं गेलों, तों चुलीपाशीं घरचीं माणसें जेवीत होतीं. तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. मीं यजमानांस विचारलें, "हें आम्हांला कां नाहीं वाढलंत?" ते ओशाळून म्हणाले, "गुरुजी, भाकरी आमची रोजचीच की. पाहुण्याम्होरं ती कशी ठेवायची?"

त्या रात्रीं मला झोंप लवकर लागली नाहीं. मी तालुक्याच्या गांवीं मास्तर असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. मधल्या सुट्टींत तो भिंतीकडे तोंड करून, दप्तराच्या आड धरून भाकरी खात असे. कारण शेजारच्या मुलांच्या डब्यांत पोळी असे. मीं तें अनेकदां पाहिलें. त्याला मीं कधीं उणें बोललों नाहीं. पण माझ्याही घरीं रात्रीं भाकरीच होत असे, आणि शाळेंत न्यावयाच्या डब्यांत मात्र मी न चुकतां पोळी नेत असें. एक दिवस मीं भाकरीचा डबा टेबलावर उघडला असता, तर तो मुलगा भिंतीकडून वळला असता, असें आतां वाटतें. शहरांतून आलेला पाहुणा खेड्यांत जाऊन पनीर मागतो, तेव्हां तोही नकळत माझ्यासारखाच पोळीचा डबा उघडीत असतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं चुलीजवळ पाट मागून घेतला. भाकरी सोपी दिसते, पण ती करण्याची विद्या पोळीहून अवघड आहे. गव्हाच्या पिठांत चिवट प्रथिनें असतात. पाणी घालून मळतांच तीं पिठास एकत्र धरून ठेवतात, म्हणून पोळी लाटतां येते. ज्वारींत तशीं प्रथिनें नसतात. म्हणून तिचें पीठ ताजें लागतें, आणि पुष्कळदां तें गरम पाण्यांत मळतात. उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकट होतें व तेंच गोळ्यास धरतें. दळून फार दिवस झाले कीं पिठाची विरी जाते आणि थापतांना कडेस चिरा पडतात. काठवटींत तळहातानें गोळा रगडून मऊ करावयाचा, कोरडें पीठ पसरून त्यावर तो थापीत फिरवावयाचा. भाकरी अलगद उचलून तव्यावर टाकावयाची, वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि तें पाणी वाळूं लागतांच ती उलटावयाची. शेवटीं चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यासमोर उभी केली कीं आंतल्या वाफेनें ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. ही भाकरी त्याच क्षणीं खावयाची. तिला सुरी लावूं नये; हातानें मोडावी, आणि पापुद्र्यावर चटणी व तेल किंवा लोण्याचा गोळा घ्यावा. भाकरीसाठीं नांवाजलेला 'मालदांडी 35-1' हा वाण याच जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडला गेला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

सोबतचे पदार्थही त्याच मातींतले असतात. हरभरा फुलावर येण्यापूर्वीं त्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडा खुडला कीं रोप बाजूस फांद्या फोडतें. त्यामुळें घरास भाजी मिळते आणि पिकाचेंही बरें होतें. त्या भाजीची आंबट चव चिंचेची नव्हे. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लवेंतून आम्ल स्रवतें, त्याची ती चव असते. सोलापूरकडची शेंगांची चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते. थंडी फार असली तर हुलग्याचें कढत माडगें वाटींतून देतात. यांतील एकाही पदार्थासाठीं कोणास सोलापुरास जावें लागत नाहीं.

दुपारीं ऊन कलल्यावर शेतांत आगटी पेटली. येथें हुरड्याविषयीं थोडें सांगतों. ज्वारीच्या दाण्यांत प्रथम नुसतें दूध असतें. पुढें तें घट्ट होत जातें. दूध आटलें आहे पण दाणा अजून हिरवा व मऊ आहे, अशा वेळीं भाजलेल्या ज्वारीस हुरडा म्हणतात. या अवस्थेंत दाण्यांतील बरीचशी साखर साखरच असते, म्हणून तो गोड लागतो. थोड्याच दिवसांत तिचें पिष्ट होतें, दाणा कठीण होतो, आणि मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाहीं. यासाठीं गुळभेंडीसारखे वाण शेताच्या एका कडेस निराळे पेरतात. त्यांचा दाणा गोड असतो आणि बोंडांतून सहज सुटतो. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें हुरड्यासाठींच 'फुले उत्तरा' हा वाण काढला आहे.

उथळ खड्ड्यांत गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पडला कीं त्यांत कणसें खुपसतात. ज्वाळेवर धरलीं तर वरचें टरफल जळतें आणि आंतला दाणा कच्चा राहतो. निखारा व राख यांच्या मंद उष्णतेनेंच तो नीट भाजतो. कणीस बाहेर काढून झटकावयाचें, आणि गरम असतांनाच दोन्ही तळहातांत चोळून दाणे मोकळे करावयाचे. तें काम माझ्या नातवानें हौसेनें करून पाहिलें आणि दुसऱ्याच कणसास हात झाडले. चोळणाराचे तळवे संध्याकाळपर्यंत लाल होतात, हें खाणारानें विसरूं नये. हुरड्याबरोबर तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरें असें कांहींबाहीं असतें. गोड लागतो म्हणून तो अति खाऊं नये. आणि त्यावर पाण्यापेक्षां ताक प्यावें, असा तिकडचा शिरस्ता आहे.

आपण म्हणाल, पाहुण्यानें भाकरी खाल्ली काय किंवा पुरी खाल्ली काय, त्यानें कोणाचें काय बिघडतें? बिघडतें तें असें. ज्वारीची काढणी कष्टाची असते. धाटें हातानें उपटावीं लागतात, आणि त्या कामास मजूर मिळत नाहींत. उजनी धरणाचें पाणी जेथें पोहोंचलें तेथें उसानें ज्वारीची जागा घेतली. संयुक्त राष्ट्रांनीं 2023 हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, त्याचा गाजावाजा झाला. पण गौरवानें शेत पेरलें जात नाहीं. खाणारा असला तर पेरणारा पेरतो. पैसे देऊन आलेला पाहुणा जर पनीरच मागत असेल, तर घरच्या सुनेनें भाकरी थापावयास कां शिकावें, आणि शेतकऱ्यानें कडेचे चार तास गुळभेंडीसाठीं कां राखावे? पाहुण्याच्या एका मागणीनें त्या घरांतील रोजच्या अन्नास मान मिळतो किंवा तो जातो.

म्हणून जाणारांस माझ्या चार सूचना आहेत. निघण्यापूर्वीं यजमानांस "आम्हांला अमुक करा" असें न सांगतां "सध्यां शेतांत काय आहे?" असें विचारावें. हुरड्याचा दिवस आपल्या रजेवरून ठरवूं नये. कणीस केव्हां तयार होईल तें विचारून रजा काढावी. तिखट सोसत नसेल तर तें आधीं स्पष्ट सांगावें. पानांत टाकून देण्यापेक्षां तें बरें. जेवणाची वेळ त्यांची पाळावी, म्हणजे चुलीपाशीं बसलेल्या बाईस दोनदां चूल पेटवावी लागत नाहीं. आणि तिचें जेवण झालें कीं नाहीं याची चौकशी करावी. शेवटीं, परत येतांना तेथील ज्वारी पांच-दहा किलो विकत आणावी, आणि भाव करूं नये.

पुढील पौषांत आम्ही पुन्हां त्याच घरीं गेलों. या खेपेस फोनवर मीं बोललों होतों. रात्रीं पाट मांडले ते माजघरांत नव्हे, चुलीपुढें. आणि यजमान, त्यांचीं मुलें व आम्ही एकाच पंगतीस बसलों. माझ्या नातवानें दुसरी भाकरी मागितली, तेव्हां ती वाढतांना त्या माउलीच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें पुऱ्या वाढतांना दिसलें नव्हतें.

आपणही या पौषांत कोठें जाणार असाल तर भाकरी मागून पाहा, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.