एकच वनडे, दोन रणजी करंडक

18 फेब्रुवारी 2024. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर विदर्भ आणि हरियाणा यांचा रणजी सामना सुरू होता. त्या दिवशी विदर्भाचा सलामीवीर फैज फजल याने निवृत्ती जाहीर केली. 2003-04च्या मोसमात अठरा वर्षांचा असताना तो याच मैदानावर विदर्भाकडून पहिल्यांदा उतरला होता आणि जम्मू-काश्मीरविरुद्ध पदार्पणातच 151 धावा काढून मोकळा झाला होता. मनोज तिवारी, सौरभ तिवारी, वरुण आरोन आणि धवल कुलकर्णी हेही त्याच मोसमात थांबले. देशाच्या लेखी ही पाच जणांतल्या एकाची बातमी होती. वऱ्हाडात मात्र तिच्यावर बराच काळ चर्चा झडत राहिली.

खरं तर फजल नागपूरचा. 'विदर्भाचं क्रिकेट म्हणजे नागपूरचं क्रिकेट' ही वऱ्हाडातली जुनी तक्रार आहे. नागपूर अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. निवड तिथे, सराव तिथे, मोठे सामनेही तिथेच. मग अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानाबाहेर फजलविषयी एवढी आपुलकी का?

आधी आकडे पाहू. प्रथम श्रेणीचे 137 सामने, 9 हजारांवर धावा, 24 शतकं. भारताकडून फक्त एक सामना. मार्च 2016च्या इराणी करंडकात शेष भारताने मुंबईविरुद्ध 480 धावांचा पाठलाग केला, त्यात फजलचं शतक मोलाचं ठरलं. त्या जोरावर झिम्बाब्वे दौऱ्यासाठी बोलावणं आलं, तेव्हा तो इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळत होता. 15 जून 2016 रोजी हरारेत के. एल. राहुलसोबत सलामीला जाऊन त्याने नाबाद 55 धावा काढल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर पुन्हा कधी संधी मिळाली नाही. एक सामना, एक अर्धशतक आणि एकदाही बाद नाही. त्यामुळे त्याची वनडेतली सरासरीच काढता येत नाही, अन् त्याचे चाहते ही गोष्ट हसत हसत, पण जरा चिडूनच सांगतात.

हळहळ वाटणं साहजिक आहे. पण फजलचं मोठेपण त्या एका वनडेत शोधायला गेलं तर ते हाती लागत नाही.

रणजीच्या सुरुवातीच्या काळात या भागाचा संघ 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या नावाने खेळे. विदर्भ या नावाने संघ उतरला तो 1957-58मध्ये. पुढची जवळपास साठ वर्षं करंडकाशी आपला संबंध नव्हता. मधली बरीच वर्षं दुय्यम समजल्या जाणाऱ्या प्लेट गटात गेली. 2011मध्ये उमेश यादव विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला, पण संघाकडे कुणी दावेदार म्हणून पाहत नव्हतं.

2017-18मध्ये हे चित्र पालटलं. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते, मुंबईहून आलेला वसीम जाफर फलंदाजीत होता आणि कर्णधार होता फजल. मोसमात 912 धावा काढून तो देशात दुसऱ्या क्रमांकावर राहिला. उपांत्य फेरीत कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवून विदर्भ इंदूरला अंतिम सामन्यासाठी पोहोचला. समोर दिल्ली.

अकोल्याच्या आठवणींत तो सामना दोन कारणांनी आहे. एक म्हणजे रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. दुसरं, अकोल्याचा 19 वर्षांचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे. 29 डिसेंबर 2017 रोजी त्याचं प्रथम श्रेणी पदार्पण झालं तेच थेट रणजीच्या अंतिम सामन्यात. विदर्भाच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्यात संघाने नव्या पोरावर भरवसा टाकला, आणि त्याने पहिल्या डावात दोन बळी घेतले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकलं, तो वर्ध्याचा. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. थोड्याच दिवसांत आदित्य 19 वर्षांखालच्या विश्वचषकासाठी भारताच्या संघातही गेला.

एकदा लागला तो मटका, असं म्हणणाऱ्यांना पुढच्याच मोसमात उत्तर मिळालं. फेब्रुवारी 2019मध्ये नागपूरजवळच्या जामठ्यात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून फजलच्या संघाने करंडक राखला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले, सौराष्ट्राच्या चेतेश्वर पुजारालाही दोन्ही डावांत टिकू दिलं नाही. दोन्ही वर्षी इराणी करंडकही घरी आला.

जाफर आणि पंडित बाहेरचे होते, श्रेय त्यांचंच, असा एक सूर चर्चेत हमखास निघतो. त्यात तथ्य आहेच. जाफरने 2018-19मध्ये हजारावर धावा काढल्या. पण बाहेरच्यांचं ऐकणारा, नव्या चेंडूसमोर स्वतः उभा राहणारा आणि जिल्ह्यांतल्या पोरांना सांभाळून घेणारा माणूस घरचाच लागतो. ते काम फजलने केलं.

वऱ्हाडाला खेळ नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914चं, त्याच्या पथकाने 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. क्रिकेटमध्ये मात्र इथल्या मुलाच्या स्वप्नाला वरची मर्यादा होती. फजलच्या त्या दोन करंडकांनंतर ती राहिली नाही. आता अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून सलामीला येतो. ऑक्टोबर 2025च्या इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने 143 धावा काढल्या आणि विदर्भ पुन्हा जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा 2023मध्ये भारताकडून खेळला, एशियाडचं सुवर्ण घेऊन आला. आणि 2 मार्च 2025 रोजी विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा कर्णधार होता तोच वर्ध्याचा वाडकर.

फजल खेळत असताना त्याला मैदानावर जाऊन पाहिलेले आपल्यात किती? रणजी सामन्याला बहुतेक वेळा तिकीटही लागत नाही. विदर्भाचा पुढचा सामना नागपुरात असेल तेव्हा अकोल्याहून, बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरा आणि तायडेला, वाडकरला खेळताना पाहून या. निवृत्तीच्या बातमीची वाट पाहू नका.