उतारवय आणि वाहन हांकणें

बैलगाडी हांकणारास डुलकी लागली, तरी बैल आपण होऊन खड्डा चुकवितो व घरची वाट धरतो. ट्रॅक्टर व मोटारसायकल यांस असे डोळे नाहींत. जें पाहावयाचें तें चालविणारानेंच, आणि वेळेवर पाहिलें पाहिजे. आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांनीं साठी ओलांडली असून घरचें वाहन तेच हांकतात. म्हणून या गोष्टीचा वयाशीं संबंध काय, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

धोका दिसणें, तो उमगणें, काय करावें तें ठरणें आणि पाय ब्रेकवर पडणें, अशा यांत चार पायऱ्या आहेत. खूण दिसतांच हात हलविण्यास जितका वेळ लागतो, त्याहून अनेक खुणांतून एक निवडून हात हलविण्यास अधिक लागतो, असें हॉलंडांतील नेत्रवैद्य डोंडर्स यांनीं १८६८ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. वयपरत्वें पहिला वेळ थोडा वाढतो, निवडीचा मात्र पुष्कळ. म्हणूनच ओळखीच्या सरळ रस्त्यावर ज्यास कांहींच उणें जाणवत नाहीं, तो बाजाराच्या दिवशीं चौफुल्यावर गोंधळतो.

आतां हिशेब पाहूं. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें वाहन दर सेकंदास १० मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट जातें. एका गुंठ्याची बाजूहि तितकीच. निर्णयास अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक दाबण्यापूर्वींच साडेसोळा फूट जादा गेले. पुढें एखादें मूल रस्ता ओलांडीत असेल, तर त्याचा जीव या साडेसोळा फुटांवर अवलंबून राहतो.

रात्रीं अडचण वाढते. उतारवयांत डोळ्याची बाहुली लहान राहते व भिंग पिवळसर होतें. त्यामुळें विशीच्या मानानें साठीच्या डोळ्यांत आंतील पडद्यापर्यंत सुमारें तिसरा हिस्साच प्रकाश पोहोंचतो. समोरच्या दिव्यानें दिपलेली दृष्टि स्थिर होण्यासहि विलंब लागतो. गळिताच्या दिवसांत मागें दिवा नसलेली उंसाची ट्रॉली रस्त्यांत उभी असल्यास ती फार उशिरां दिसते.

याचा अर्थ वृद्धानें घरीं बसावें असा नव्हे. जाणता माणूस धोका आधीं ओळखतो. परंतु त्या अनुभवास कमी वेगाची जोड हवी. वेग ताशीं १८ किलोमीटर ठेवल्यास तोच अर्धा सेकंद सव्वाआठ फुटांत भागतो. पुढील वाहनापासून अंतर वाढवावें, रात्रीं वाहन नेणें टाळावें, मोतीबिंदूवर वेळींच उपचार करावा, आणि चालूं असलेल्या औषधांनीं झोंप येते काय, हें डॉक्टरांस विचारावें.

२०१९ सालच्या कायदेदुरुस्तीप्रमाणें वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर खाजगी वाहनाचा परवाना पांच वर्षांकरितांच मिळतो. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, दाखल्याची किंमत आम्ही जाणतों. पण दाखला त्या दिवसापुरताच साक्षी असतो. मधल्या काळांत घरच्या माणसांची नजर हीच खरी तपासणी होय. मुलगा किंवा सून 'रात्रीं आपण गाडी नेऊं नका' असें म्हणाली, तर तो अपमान समजूं नये. सातबारावर आपलें नांव ठेवून नांगर मुलाच्या हातीं देतां येतो. ट्रॅक्टरचें चाकहि तसेंच देतां येईल.