वैमानिकांचा संप आणि देशोदेशींचा बंधुभाव

इंदूरच्या बिजासन टेकडीनजीकचा विमानतळ आज देवी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. तेथून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईची नियमित विमानसेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी लंडन येथे निरनिराळ्या देशांतील वैमानिक संघटनांनी आपला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. असा महासंघ वैमानिकांना का हवा, हे समजण्याजोगे आहे.

गिरणीचा संप गिरणीच्या फाटकाशी दिसतो; इंदूरच्या कामगारवस्तीला हे सांगावयास नको. विमानसेवेचे तसे नाही. मुंबईत वैमानिक कामावर आले नाहीत, तर इंदूरचा प्रवासी ताटकळतो. हे त्यांचे बळ. परंतु विमान वैमानिकांसह परदेशातून भाड्याने आणता येते, आणि हेच त्यांचे दुबळेपण.

डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला, तेव्हा नेमके असेच घडले. उझबेकिस्तानातील टुपोलेव्ह विमान तेथील चालकांसह भाड्याने घेण्यात आले. ९ जानेवारी १९९३ रोजी धुक्यात दिल्लीस उतरताना ते उलटले व पेटले. आतील १६५ माणसे वाचली, हे नशीबच म्हणावयाचे! संप करणाऱ्याच्या जागी दुसऱ्या देशातील वैमानिकाने बसावे काय, हा प्रश्न मात्र अपघात झाला नसता तरी उरलाच असता. श्रमिकांच्या बंधुभावाची खरी कसोटी सहानुभूतीच्या ठरावात नसून अशा नकारात असते.

या बंधुभावाला देशोदेशींच्या कायद्याची मर्यादाही पडते. विमान-अपहरणांच्या निषेधार्थ महासंघाने १९ जून १९७२ रोजी चोवीस तासांचा जागतिक संप पुकारला. मागणी वेतनाची नव्हती, जिवाच्या सुरक्षिततेची होती. अनेक देशांची उड्डाणे थांबली. अमेरिकेत मात्र न्यायालयाने मनाई केल्याने बहुतेक विमाने उडाली.

आपल्याकडे सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संप हा शब्द टाळून सामुदायिक रुग्णता रजा घेतली. संघटना स्थापण्यात पुढाकार घेणाऱ्या सहकाऱ्यांची बडतर्फी हे त्याचे कारण होते. पाच दिवसांनी त्यांना परत घेण्याचे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना आवश्यक असून, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच ठरतो. रुग्णता रजेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.