विश्लेषण : पॅरिसने सोडलेला गोलवीर मुंबई-हैदराबादला कसा सापडला?

सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेस एका बाजूला मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला हैदराबादला. या दोन शहरांच्या फुटबॉल संघांनी लागोपाठ दोन वर्षे, २०२१ आणि २०२२ मध्ये, इंडियन सुपर लीग अर्थात ‘आयएसएल’ जिंकली. दोन्ही विजेत्या संघांत एक आघाडीपटू तोच होता : नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे. भारतात येण्यापूर्वी तो सुमारे दोन दशके बहुतांश युरोपात होता. तिथे ज्याची फारशी दखल घेतली गेली नाही, तो वयाच्या तिशीनंतर भारतात गोलांचा विक्रम कसा करू शकला?

ओग्बेचेची सुरुवात कशी झाली?

१ ऑक्टोबर १९८४ रोजी ओगोजा येथे जन्मलेला ओग्बेचे लागोसमधील पेप्सी फुटबॉल अकादमीतून पुढे आला आणि पौगंडावस्थेतच पॅरिस सेंट-जर्मेनच्या युवा संघात दाखल झाला. २००१ मध्ये, १७व्या वर्षी, त्याला मुख्य संघाचे दार उघडले. त्याच सुमारास ब्राझीलचा रोनाल्डिन्हो पॅरिसला आला होता आणि नायजेरियाचा लाडका जे-जे ओकोचा तिथे आधीपासून होता.

२००२ च्या विश्वचषकासाठी नायजेरियाने अनेक जुन्या खेळाडूंना वगळून नव्या पोरांना संधी दिली. २ जून २००२ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध ओग्बेचे मैदानात उतरला, तेव्हा त्याचे वय १७ वर्षे २४४ दिवस होते. पेले १९५८ मध्ये विश्वचषकात पहिल्यांदा खेळला, तेव्हाच्या त्याच्या वयापेक्षा हे वय जेमतेम दीड आठवड्याने जास्त. साहजिकच अपेक्षांचे ओझे आले.

त्याच संघात त्याच्याहूनही लहान फेमी ओपाबुन्मी होता. इंग्लंडविरुद्ध तो खेळला, पण काचबिंदूने त्याची कारकीर्द काही वर्षांतच संपवली. त्या तुलनेत ओग्बेचेला ‘अपयशी’ म्हणणे किती उथळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

युरोपात घोडे कुठे अडले?

आघाडीपटू घडतो तो सलग सामने खेळून. बचावपटूची एक चूक झाकली जाते, पण आघाडीपटूने चार सामने गोल केला नाही की पाचव्यात तो राखीव बाकावर बसतो. पॅरिसमध्ये ओग्बेचे बहुतेकदा बदली खेळाडू राहिला. २००३ मध्ये पोर्तुगालचा पावलेटा आल्यावर जागा आणखी आक्रसली. मग बास्तिया आणि मेट्झ या क्लबांकडे उसनवारीवर रवानगी झाली. यात करार मूळ क्लबकडेच राहतो आणि खेळाडू ठरावीक काळ दुसरीकडे खेळतो. ही पाठवणी जमली तर खेळाडूचे नशीब उघडते, नाही जमली तर त्याच्यावर ‘नकोसा’ हा शिक्का बसतो.

त्याचाच देशबांधव व्हिक्टर ओसिमेनचे उदाहरण पाहा. जर्मनीच्या वोल्फ्सबर्गकडून त्याला बुंडेसलिगात एकही गोल करता आला नव्हता. बेल्जियमच्या शार्लरॉयकडे उसनवारीवर गेल्यावर त्याला सलग सामने मिळाले आणि गोलांचा पाऊस पडला. पुढे २०२२-२३ मध्ये २६ गोल करून त्याने नापोलीला ३३ वर्षांनी इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. ओग्बेचेच्या वाट्याला असे शार्लरॉय वेळेवर आले नाही. २००५ मध्ये तो संयुक्त अरब अमिरातीत गेला. नंतर स्पेनमध्ये अलावेस आणि वायादोलिद, ग्रीसमध्ये कवाला, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, नेदरलँड्समध्ये कम्बूर आणि विलेम टू. दर एक-दोन वर्षांनी नवी भाषा, नवा प्रशिक्षक, नवी परीक्षा.

इतक्या लहान वयात परदेशी जाता येते का?

आता सहसा नाही. ‘फिफा’ने २००१ पासून १८ वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदलीवर बंदी घातली. कुटुंब फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले असेल, अशा मोजक्या सवलती आहेत. म्हणूनच ओसिमेन १८ वर्षे पूर्ण होताच, जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीला गेला. आफ्रिकेतील कोवळ्या मुलांना एजंट युरोपात नेत आणि चाचणीत नापास झाल्यास वाऱ्यावर सोडत, त्याला आळा घालण्यासाठी हा नियम आला.

भारतात असे काय बदलले?

मुख्य म्हणजे, संघाची आखणी त्याच्याभोवती झाली. २०१८ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्याला थेट कर्णधार केले. त्याने १२ गोल केले आणि संघ प्रथमच बाद फेरीत गेला. पुढच्या वर्षी केरळ ब्लास्टर्सकडून १५ गोल. वेग ओसरला होता, पण गोलपेटीत चेंडू कुठे पडणार याचा अंदाज पक्का होता. आयएसएलचा दर्जा फ्रान्स-स्पेनच्या लीगपेक्षा बराच खाली आहे, हेही खरेच. पण युरोपातून उतारवयात आलेले कित्येक नावाजलेले खेळाडू इथे निष्प्रभ ठरले. केवळ दर्जाकडे बोट दाखवून ओग्बेचेचे गोल समजत नाहीत.

२०२०-२१ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध ९०व्या मिनिटाला गोलरक्षकाची चूक झाली. चेंडू ओग्बेचेच्या पायाशी होता. त्याने स्वतः फटका मारण्याची घाई न करता तो बिपिन सिंहकडे दिला आणि मुंबई २-१ ने विजेती ठरली. पुढच्या हंगामात हैदराबादकडून त्याने १८ गोल करत गोल्डन बूट मिळवला आणि फातोर्ड्यातच दुसरा चषक उंचावला. पाच हंगामांत एकूण ६३ गोल, त्या वेळचा आयएसएल विक्रम.

मग भारतीय आघाडीपटूंचे काय?

या यशाची दुसरी बाजू अवघड आहे. आयएसएलमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत, २०२१-२२ पासून ती मर्यादा चार झाली. त्या जागांपैकी एक बहुतेक क्लब आघाडीपटूसाठीच राखतात. ओडाफा ओकोली आणि रँटी मार्टिन्स यांनी गोव्यात गोलांचे डोंगर रचले, तेव्हाही हेच गणित होते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांतूनही आफ्रिकन खेळाडू दिसले आहेत. पैसे देणाऱ्याला गोल आजच हवे असतात, त्यामुळे स्थानिक पोराला बहुधा विंगवर ढकलले जाते. पॅरिसमध्ये जी कोंडी कोवळ्या ओग्बेचेची झाली, तीच भारतात या मुलांची होते. फरक इतकाच, की इथे जागा अडवणारा ओग्बेचे असतो.

ओग्बेचेचा विक्रम नंतर सुनील छेत्रीने मोडला. छेत्रीचा जन्मही १९८४ चाच, ओग्बेचेपेक्षा दोन महिने आधीचा. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतलेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी, पुन्हा भारतीय संघात बोलवावे लागले. शिलाँगला मालदीवविरुद्धच्या पुनरागमनाच्या सामन्यात त्याने गोलही केला.