पन्नास बाय पन्नास

पिस्टनचा व्यास ५० मिलीमीटर आणि त्याची खालून वर चालही ५० मिलीमीटर. यामाहा आरएक्स १००ची कुंडली या दोन आकड्यांत मावते. हिशेब केला की ९८ सीसी येतात, त्यातून ११ अश्वशक्ती निघते आणि ती जेमतेम शंभर किलोच्या घरातली गाडी ओढते. एस्कॉर्ट्सने १९८५ साली ती भारतात आणली, १९९६ साली ती बनायची थांबली. तरी हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या पट्ट्यात एखादी अजून चालू हालतीत दिसते. तिच्या पाटीवर एमएच-२२ असेल, तर ती परभणीत नोंदलेली. गाडी विकली गेली तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि त्याला एमएच-३८ मिळाला. म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा थोरली.

रोजच्या कामाला आता तिला कोणी लावत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुधाचा कॅन, खताचं पोतं, शाळेतली पोरं हे सगळं फोर-स्ट्रोकवाल्यांनी केव्हाच उचललं, आणि लिटरमागचे किलोमीटर मोजणाऱ्या माणसाला दुसरा पर्याय सुचावा असं काही नाही. आरएक्स उरली ती शौकाला. शौकाची गाडी मात्र रोजच्या गाडीपेक्षा जास्त उघडली जाते. जिथे काही बिघडलेलं नाही तिथेही पाना लागतो. या गाडीचं भलं आणि वाटोळं, दोन्ही त्यातूनच झालं.

इंजिन उघडून पाहिलं तर हा मोह समजतो. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असा मोठा संसार असतो. आरएक्स टू-स्ट्रोक, इथे हलणाऱ्या मुख्य गोष्टी तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखाली क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. तो खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टांमधून वर सिलिंडरमध्ये शिरतं आणि जळलेला धूर एक्झॉस्टच्या पोर्टातून बाहेर ढकलतं. क्रँककेसचाच पंप करायची ही युक्ती इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९१च्या सुमारास बसवली. आरएक्समध्ये आत येण्याच्या वाटेवर रीड व्हॉल्व्हची पातळ पाती आहेत. मिश्रण आत जाऊ द्यायचं, उलटं फिरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम.

सुटे भाग कमी, म्हणून काम सोपं असं वाटतं. खरी गोम अशी की इथे प्रत्येक भाग दोन-दोन नोकऱ्या करतो. पिस्टन हाच व्हॉल्व्ह आहे, क्रँककेस हाच पंप आहे, पेट्रोल हेच तेलाचं वाहन आहे, आणि सायलेन्सर हा इंजिनाचा अर्धा भाग आहे. एकाला हात लावला की दुसऱ्याची नोकरी जाते. गावोगावच्या बिघडलेल्या आरएक्सांचा इतिहास या एका कारणात सांगता येतो.

तेलापासून सुरुवात करू. आरएक्सला 'ऑटोल्यूब' नावाचा पंप आहे. टूटी ऑईलची टाकी वेगळी असते. रेस वाढेल आणि एक्सलरेटर जितका पिळला जाईल, त्या मानाने पंप तेल सोडतो. व्यवस्था उत्तम आहे. तरी पंप कधीतरी दगा देईल या धास्तीने अनेकांनी तो बंद करून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं धरलं. लिटरला ४० मिलिलिटर म्हणजे पंचवीसास एक. त्यावर कोणीतरी म्हणतं, 'भाऊ, टाका थोडं जास्तच, इंजिनाला बरं असतं.' यात मेख आहे. तेल वाढलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरलेलं माप जातं, पण त्यात जळण कमी असल्याने मिश्रण उलट पातळ होतं आणि इंजिन तापतं. शिवाय सायलेन्सरमध्ये काजळीचे थर बसतात. मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक खोड म्हणजे उतारावर एक्सलरेटर बंद ठेवून जोरात गाडी सोडली, तर चाकं इंजिन फिरवत राहतात, पण पेट्रोल बंद म्हणून तेलही बंद. जुने लोक उतारावर मधूनच एक्सलरेटर थोडा उघडतात ते यासाठीच.

दुसरा शत्रू धूळ. वसमतचा पट्टा हळदीचा. फेब्रुवारीपासून हळद निघते, शिजते, वाळते, मग पॉलिशच्या ड्रममधून फिरते. शेतरस्त्यांवर काळ्या मातीचा भुगा तरंगत असतो, आणि पॉलिश चालू असेल तिथली हवाच पिवळी होते. अशा मोसमात एअर फिल्टर काढून गाडी चालवणारा माणूस आपल्याच इंजिनात पॉलिश पेपर घालतो. 'फिल्टर काढला की पिकअप येतो' हा समज सगळीकडे पसरला आहे. आवाज वाढतो तोच पिकअप वाटतो. फोर-स्ट्रोकमध्ये आलेली धूळ निदान वरच्या खोलीत राहते. इथे ती आधी क्रँकच्या बेअरिंगांतून जाते आणि मग सिलिंडरात. रिंग झिजतात, किकेला जोर लागेनासा होतो, म्हणजे कॉम्प्रेशन गेलेलं असतं.

मग हाफ इंजिन करावं लागतं. सिलिंडर लेथवर जातो, बोअर होतो, आणि पाव मिलीमीटरच्या टप्प्याने मोठा पिस्टन बसतो: ०.२५, ०.५०, ०.७५, शेवटी १ मिलीमीटर. पूर्ण १ मिलीमीटर वाढवला तरी ९८चे १०२ सीसीच होतात, तेव्हा त्याला ताकद वाढवणं म्हणू नये. तो झिजेचा हिशेब आहे. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. लेथवाल्याकडे आधी बोअर करून घेऊन मग बाजारात पिस्टन शोधणारे खूप. क्रम उलटा हवा. पिस्टन हातात घेऊन जायचं, त्याच्या मापाने बोअर करायला सांगायचं आणि पोर्टांच्या कडा हलक्या हाताने गोल करून घ्यायच्या, नाहीतर रिंग पोर्टात अडकून तुटते.

जुलै २०२२मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. संसारापुढे गाडीचं दुःख लहानच. पण बुडालेल्या टू-स्ट्रोकचं प्रकरण वेगळं असतं. फोर-स्ट्रोकचा क्रँक तेलाच्या सहवासात राहतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठाच नसतो, फक्त पेट्रोलसोबत येणारा ओलावा असतो. तिथे पाणी शिरून चार दिवस राहिलं की मेन बेअरिंग आणि बिग एंड दोन्ही गंजतात. बाहेरून गाडी धुतली, प्लग पुसला, किक मारली आणि ती चालू झाली, तर लोक सुटलो म्हणतात. महिन्याभराने खालून खडखड येते. बुडालेल्या गाडीला पहिली गोष्ट म्हणजे किक मारायचीच नाही. प्लग काढायचा, कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवायचे, गाडी आडवी-उलटी करून पाणी काढायचं, आत डिझेल घालून क्रँक हाताने फिरवायचा, ते ओतून टाकायचं आणि लगेच तेल सोडायचं. गिअरबॉक्सचं ऑईल ताकासारखं पांढरं झालं असेल तर तेही बदलायचं. एवढं त्याच दिवशी झालं तर क्रँक वाचतो. नाहीतर तो प्रेसवर उघडून नवा रॉड घालावा लागतो आणि लेथवर परत सरळ रेषेत आणावा लागतो. असा कारागीर गाठायला बहुधा नांदेडची वाट धरावी लागते.

आता नवं दुखणं आलं आहे, आणि त्यात एक गंमत आहे. टोकाई सहकारी साखर कारखाना कुरुंद्याचाच. हा उसाचाही मुलूख. देशभरात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागले, त्याचा एक वाटा उसातून येतो. ज्या पिकावर इथली घरं उभी राहिली, तेच आता आरएक्सच्या टाकीत उतरून तिचे रबरी पाईप आणि पॅकिंग फुगवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साध्या पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास. जुना जेट तेच माप सोडतो, म्हणजे मिश्रण पातळ होतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी महिनाभर पडून राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसू शकतात, आणि पेट्रोलचा कॉक तर तळाचंच घेतो. उपाय अवघड नाहीत. मेन जेट एक नंबर वाढवायचा, पाईप बदलायचे, गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करायचे. एक्सलरेटर पूर्ण उघडून एक ओढ घ्यावी, तिथेच इंजिन बंद करून प्लग पाहावा. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर घरी जाईपर्यंतही भरवसा नाही.

फेरफाराचा सगळ्यात मोठा मोह सायलेन्सरचा. यामागे एक जुनी कथा आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी पाहिलं की धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट निघते. नळी आधी रुंद होत गेली आणि मग अरुंद झाली, तर ती लाट परत फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत मागे रेटते. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला दोनशे. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला. हे ज्ञान त्याच्याबरोबर सुझुकीकडे पोचलं, आणि १९६२ साली सुझुकी ५० सीसीची जगज्जेती झाली. नळीच्या आकाराला अशी किंमत असते. ती लाट किती वेळात परत यावी हे नळीच्या लांबीवर ठरतं, आणि ते एका ठरावीक रेसलाच जमतं.

आता आपल्याकडे काय होतं पाहा. सायलेन्सरमधली जाळी काढली, फटफट आवाज झाला, गल्लीतले कुत्रे उठले, मालक खूश. ताकद वाढली का? बऱ्याचदा घटलेली असते. वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा घेतं, जेट तोच असतो, मिश्रण पातळ होतं आणि पुढच्या लांब ओढीत पिस्टन भिंतीला धरतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'पकडली'. पोर्टांचंही तसंच. एक्झॉस्टचा पोर्ट कानशीने वर चढवला तर ताकद वरच्या रेसला सरकते आणि खालची जाते. शर्यतीच्या मैदानात ते शोभतं. चिखलातून, बांधावरून, मागे माणूस घेऊन गाडी काढायची असेल तर खालचीच ताकद हवी असते. शिवाय सिलिंडरचं कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही. काही जण आरएक्स १३५चा ब्लॉक चढवतात. तिचा बोअर ५८, चाल तीच ५०, म्हणून १३२ सीसी. काम नीट झालं तर हा फेरफार त्यातल्या त्यात शहाणा, कारण सुटे भाग कंपनीच्याच मापाचे राहतात. कायद्याने मात्र नोंदणीच्या कागदात नसलेला बदल चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो वर्तमानपत्रात सारखे येतात. माझं मत विचाराल तर त्यातल्या निम्म्या वेळा रोलरने इंजिनांवर उपकारच केले.

याच घराण्याचा एक दूरचा भाऊ अमेरिकेत वाळूच्या टेकड्यांवर पळतो. यामाहाची बॅन्शी ही चार चाकांची स्पोर्ट क्वाड. १९८७ साली आली, अमेरिकेत २००६पर्यंत विकली गेली. दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं ३४७ सीसी इंजिन. बोअर ६४, चाल ५४. हेच ६४ बाय ५४ आपल्याकडे १९८३ साली आलेल्या राजदूत ३५०चंही माप. फरक इतकाच की राजदूतचं इंजिन हवेवर थंड व्हायचं आणि तिला ऑटोल्यूब होता, तर बॅन्शीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आपल्याकडे अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या क्वाड दिसतात, पण त्या वेगळ्या जातीच्या. बॅन्शीचे मालक एक तपासणी मात्र नेमाने करतात, आणि ती आपल्या आरएक्सलाही लागू आहे. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत सुमारे ६ पौंड दाब भरायचा आणि ६ मिनिटं काट्याकडे पाहायचं. काटा खाली सरकला तर कुठूनतरी हवा गळते आहे. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा सांगतात. त्याला लागतं काय? सायकलचा पंप, कमी दाब दाखवणारा एक मीटर आणि दोन बुचं. क्रँकचं ऑईल सील पंधरा-वीस वर्षांत कडक होतं आणि मॅग्नेटच्या बाजूने हवा ओढायला लागतं. मालक जेट बदलत राहतो, पिस्टन बदलत राहतो, दुखणं मात्र काही रुपयांच्या सीलमध्ये असतं.

एवढं तपासून शेवटी नवीन पिस्टन घातलाच, तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी कोणाला द्यायची नाही. तेल थोडं जास्त, एक्सलरेटर अर्ध्याच्या आत, पण एकाच रेसवर तासभरही नाही. रेस बदलती ठेवायची आणि मोठ्या गिअरमध्ये इंजिन रखडवायचं नाही. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झालं की हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने, तिरपे, पुन्हा एकदा आवळायचे. गरम इंजिनावर नाही.