टोफूला चव आणायची कशी?

पनीर टिक्का आणि मटर पनीर आवडीने खाणाऱ्या चंदीगडमध्ये टोफू ‘सोया पनीर’ या नावाने परिचित आहे. मात्र, पनीरप्रमाणेच तो थेट रश्श्यात सोडल्यास बेचव लागतो आणि पुन्हा घरात आणला जात नाही. दुधातील साखर न पचणाऱ्या व्यक्ती त्यामुळे प्रथिनांच्या एका उत्तम स्रोताला मुकतात.

या बेचवपणाचे कारण टोफूच्या घडणीत आहे. भिजवलेले सोयाबीन वाटून काढलेल्या दुधात कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइडसारखा क्षार घालून टोफू तयार केला जातो. पनीरच्या तुलनेत त्यात स्निग्धांश कमी आणि पाणी अधिक असते. परिणामी, तेलकट मसाला आत मुरत नाही आणि तव्यावर सुटणाऱ्या पाण्यामुळे तुकडे खरपूस होत नाहीत. काहींना खटकणारा कच्चट वास सोयाबीनमधील लायपॉक्सिजनेज या विकरामुळे निर्माण होतो.

यावर उपाय सोपा आहे. रश्श्यासाठी किंवा टिक्क्यासाठी घट्ट टोफू निवडावा. त्याचे तुकडे मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सुमारे १५ मिनिटे ठेवावेत. त्यामुळे मीठ आत शिरते आणि वासही सौम्य होतो. नंतर ते स्वच्छ कापडात गुंडाळून २० ते ३० मिनिटे वजनाखाली दाबावेत.

टिक्क्यासाठी आले-लसूण, लिंबाचा रस, तिखट, कसुरी मेथी आणि भाजलेले बेसन यांचे मिश्रण तुकड्यांना लावावे. दूध वर्ज्य असणाऱ्यांनी दही टाळावे. तुकडे तापलेल्या लोखंडी तव्यावर थोड्या तेलात, सतत न हलवता, सोनेरी होईपर्यंत परतावेत. रश्श्यात ते शेवटच्या ५ मिनिटांत घालावेत. भुर्जीसाठी मात्र टोफू हाताने कुस्करून, कांदा-टोमॅटोच्या फोडणीत पाणी आटेपर्यंत परतणे पुरेसे असते.

टोफू गोठवून, वितळवून पिळल्यास तो स्पंजासारखा सच्छिद्र होतो आणि रस्सा शोषून घेतो. उघडलेला टोफू स्वच्छ पाण्यात बुडवून शीतकपाटात ठेवावा, पाणी रोज बदलावे आणि काही दिवसांतच तो संपवावा. सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र टोफू खाऊ नये.

महाराष्ट्र हे देशातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्यांपैकी एक आहे. शेतातील हे पीक टोफूच्या रूपाने ताटात रुळायचे असेल, तर त्याला पनीरची नक्कल न मानता स्वतंत्र पदार्थ म्हणून शिजविणे हितावह ठरेल.